समाजशास्त्राच्या वर्गात आईचा शब्द

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी एक माजी विद्यार्थिनी परवा एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचं माहितीपत्रक घेऊन घरी आली. तिला एम. ए. करायचंय. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘सर्वसमावेशकता आणि सामाजिक न्याय यांच्याशी आमचा विभाग बांधील आहे.’ मी याच विभागात शिकले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की दोघं मिळून एक कोयता म्हणून कारखान्यावर जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. 2018 मध्ये मी प्रवेश घेतला तेव्हा महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला होता. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. कार्यालयात मात्र ‘आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल’ एवढंच उत्तर मिळालं. नऊ हजार रुपये होते. आईने मुकादमाकडून त्या वर्षीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तेवढी वाढवून घेतली. नऊ हजार म्हणजे किती टन ऊस, हे तिने माझ्यासमोर बोटांवर मोजलं होतं. उचल त्या हंगामात फिटली नाही आणि बाकी पुढच्या वर्षावर गेली. शिष्यवृत्तीचे पैसे आले तेव्हा माझं एम. ए. संपलं होतं.

फीचं दुःख मागे पडलं. वर्गातला एक तास मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजत होता. शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आमच्या सरांनी हा विषय तळमळीने वर्गात घेतला. फळ्यावर ‘हिस्टरेक्टॉमी’, ‘सीझनल मायग्रेशन’ असे शब्द होते. वाचायला दिलेले लेख इंग्रजीत, आणि चर्चाही बघता बघता इंग्रजीत गेली.

आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही. ‘पिशवी काढली’ म्हणतात. माझ्या आईची पिशवी ती तिशीत असतानाच काढली. पाळीत दुखलं म्हणून फडावर गेलं नाही तर खाडा धरतात आणि खाड्याचे पैसे कापतात. पाणी नाही, आडोसा नाही, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. त्यात डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी तासभर मान खाली घालून वहीत तारीख गिरवत बसले. इंग्रजीत वाक्य जुळत नव्हतं, आणि बोलले असते तर उरलेले दिवस सगळ्यांनी माझ्याकडे अभ्यासाचा नमुना म्हणून पाहिलं असतं, याचीही धास्ती होती. सरांना दोष देत नाही. त्यांना माहीतच नव्हतं. पण विभागात कुणालाच माहीत नसावं, याला मी दोष देते.

आपल्याकडे परीक्षा मराठीत लिहिता येते, वाचायचं साहित्य मात्र बहुतेक इंग्रजीत असतं. मग ऊसतोड्याचं, वीटभट्टीवाल्याचं, पारध्याचं पोर बाजारातलं गाइड पाठ करतं आणि पास होतं. त्याला समाजशास्त्र शिकवलं, असं म्हणवत नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. विद्यापीठाचा वर्ग नेमका कुणासाठी, हा प्रश्न तेव्हाच विचारून झाला आहे. पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आणि स्त्री अभ्यास शिकवणाऱ्या दिवंगत शर्मिला रेगे यांनी 2010 मध्ये फुल्यांच्याच ‘तृतीय रत्न’ नाटकाचा धागा धरून वर्गातल्या शिकवण्याची नव्याने मांडणी केली. म्हणजे वाट दाखवणारी माणसं याच विषयात, याच राज्यात होऊन गेली.

अजून एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. मी शिकत असताना आमच्याकडे हा अधिकारी कोण, हे शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. 2019 च्याच मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने आत्महत्या केली, वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. वसतिगृहात आम्ही मुली रात्री तिच्याबद्दल बोलत राहायचो. आपल्यावर वेळ आली तर जायचं कुणाकडे, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

म्हणून विभागाला माझं कळकळीचं सांगणं आहे. माहितीपत्रकाच्या त्याच पानावर त्या अधिकाऱ्याचं नाव आणि खोली क्रमांक छापा. शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशाला पैसे घेतले जाणार नाहीत, हेही छापा. पहिल्या सत्राच्या प्रत्येक विषयाचं निदान निम्मं वाचन मराठीत द्या. नसेल तर प्राध्यापकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी मिळून अनुवाद करावा, त्याचे श्रेयांक मिळावेत. आणि दिवाळीच्या सुमारास ज्यांच्या घराला कुलूप लागतं, धाकटी भावंडं ज्यांच्या गळ्यात पडतात, त्यांची हजेरी कापण्याआधी त्यांना एकदा बोलावून विचारा.

त्या मुलीने जाताना मला विचारलं, “मॅडम, तिथं आपल्या बोलीत बोललं तर चालतं का?” तिची आई यंदाही उचल घेणार आहे. प्रवेशाचा अर्ज भरायला पंधरा दिवस उरलेत. तोवर विभागाकडून उत्तर आलं तर मी तिला ते वाचून दाखवेन.

— तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवणारी एक शिक्षिका, धारूर, जि. बीड