एज्युकेशन म्हणजे 'बाहेर काढणं' नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत परत तेच छापलंय, एज्युकेशन हा शब्द लॅटिन एडूकेरेवरून आला आणि एडूकेरे म्हणजे मुलाच्या आत जे आहे ते बाहेर काढणं. डीएड-बीएडच्या नोट्समध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहेच, आता पेपरात पण. छापायच्या आधी कुणीतरी एकदा लॅटिन डिक्शनरी उघडायला हवी होती.

मुळात क्रियापदं दोन आहेत. एडूकेरे, यात 'डू' दीर्घ, म्हणजे बाहेर नेणं, त्याचं नाम होतं एडुक्टिओ. दुसरं एडुकारे, यात 'डु' ऱ्हस्व, म्हणजे वाढवणं, लहानाचं मोठं करणं, त्याचं नाम एडुकाटिओ आणि एज्युकेशन आलं ते यातून. घराणं एकच, मान्य, पण अर्थ वेगळे. नोट्समध्ये तिसरा शब्द म्हणून एडुकाटुम देतात तेही एडुकारेचंच रूप आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित वारो याने तर कामंच वाटून दिलीत, सुईण बाहेर काढते, मूल सांभाळणारी दाई वाढवते, पेडागोगस म्हणजे मुलावर देखरेख ठेवणारा घरचा गुलाम, तो वळण लावतो, मास्तर शिकवतो. यात बाहेर काढायला एडूकेरे वापरलंय, ते सुईणीचं काम, आणि वाढवायला एडुकारे.

माझ्या भाचीने बीएडच्या इंटर्नलला हेच सगळं व्यवस्थित लिहिलं. पेपर हातात आला तर एडुकारेभोवती लाल पेनने गोल, बाजूला 'नोट्सप्रमाणे लिहावे' आणि मार्क कापलेले. विचारायला गेली तर मॅडम म्हणाल्या, टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला पण असंच लिहायचं असतं, उगाच डोकं चालवू नकोस. ज्या धड्यात मुलाच्या आतलं बाहेर काढा म्हणून शिकवता त्याच धड्यात पोरीने स्वतः शोधून लिहिलं तर तिचे मार्क जातात, याचा मला अजून राग आहे. आणि मुलाला वाढवणं हे काय कमी काम आहे का, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरगं जेवलं का, आजारी आहे का, नखं कापलीत का इथपासून बघावं लागतं, मग पाढे.

तरी येत्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलं होतं, जे राहिलं त्यातही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. या पत्रात तसं करू नका, 'डू' आणि 'डु' एकच छापलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा