डेबियनचे अपग्रेड दोन ओळींचे नाही

महोदय,

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर जायचे तर सोर्सच्या यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) १२ च्या ‘बुकवर्म’ या सांकेतिक नावाच्या जागी १३ चे ‘ट्रिक्सी’ लिहा आणि अपग्रेड चालवा, असा सल्ला संगणकविषयक सदरांत बरेचदा छापला जातो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. अपग्रेड फसते ते बहुधा आधीच्या तयारीअभावी.

सगळ्यात जास्त घोळ बाहेरच्या रिपॉझिटरींचा, म्हणजे डेबियनच्या नसलेल्या पॅकेज-भांडारांचा. तिथून आलेल्या एखाद्या लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक डेबियन १३ मधल्या क्रमांकापेक्षाही मोठा असू शकतो. ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, आपणहून मागची आवृत्ती घेत नाही. मग त्या लायब्ररीवर विसंबलेली पॅकेजेस अडतात आणि तिढा सोडवायला ‘फुल-अपग्रेड’ (गरज पडल्यास पॅकेजेस काढूनही टाकणारे अपग्रेड) कधी कधी अख्खा डेस्कटॉपच काढायला निघते. काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी ते आधी दाखवते. ती न वाचता ‘वाय’ (हो) दाबले तर दोष ॲप्टचा नव्हे. म्हणून बाहेरच्या रिपॉझिटरी आधी बंद कराव्यात, ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने रोखून ठेवलेली आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ने अर्धवट बसलेली पॅकेजेस शोधून निस्तरावीत. यादीत ‘बुकवर्म’ऐवजी ‘स्टेबल’ लिहिलेले असेल, तर नेहमीचे अपडेट करतानाच सांकेतिक नाव बदलल्याची विचारणा होते. सवयीने हो म्हटले की पुढचे साधे अपग्रेडही थेट नव्या आवृत्तीकडे नेते.

दुसरे, बूट पार्टिशन, म्हणजे संगणक सुरू करायच्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग. १३ साठी ते किमान ७६८ एमबीचे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी जागा हवी. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते बरेचदा लहान असते. इनिटरॅमएफएस (संगणक सुरू होताना लागणारी छोटी फाइल-प्रणाली) तयार होताना जागा संपते आणि नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अर्धवट राहतो. चालू कर्नल सोडून बाकीचे जुने आधीच काढावेत.

मग आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’ आणि त्यानंतर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. पहिल्या फेरीत काहीही न काढता जे बदलता येते ते बदलते, त्यामुळे दुसऱ्या फेरीतला गुंता कमी होतो. दूरच्या सर्व्हरवर हे टीमक्समध्येच (कनेक्शन तुटले तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनात) चालवावे, कारण कनेक्शन तुटले की काम मध्येच थांबण्याचा धोका असतो. कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न आला तर ‘डी’ दाबून फरक पाहावा. नुसते एंटर दाबले तर तुमचीच फाइल राहते. ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही. १२ मधूनच जावे लागते.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. आवृत्ती १५ ची १७ होते, पण डेटा आपोआप हलत नाही. बॅकअप घेऊन १७ चे रिकामे क्लस्टर (डेटाबेसांचा संच) काढून टाकावे आणि ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ चालवावे. काढताना आकडा दोनदा वाचावा: १७ ऐवजी १५ टाइप झाले तर डेटाच जातो.

– एक वाचक