देव घरात भेटतो, मग रविवारी चर्चला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांच्या बिल्डिंगसमोर चर्च आहे, दर रविवारी सकाळी तिथे गाणी, टाळ्या, ढोलकी असं सगळं चालतं, आणि त्यांनी अगदी सरळ प्रश्न विचारलाय की देव जर सगळीकडे आहे असं तुम्हीच म्हणता तर घरी शांत बसून प्रार्थना केली तर काय बिघडतं, दर आठवड्याला एवढ्या लोकांनी जमून मोठ्यानं गायची गरज काय. पत्रात कुठे राग नव्हता, कुतूहल होतं, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मी काही पाळक (चर्चचा पाद्री) नाही की धर्मशास्त्र शिकलेलो नाही, नगरच्या एका मराठी चर्चमध्ये बावीस वर्षं पेटी वाजवतोय, तेवढाच काय तो अधिकार. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.)

आधी एक कबूल करून टाकतो. स्पीकरबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हल्ली काही ठिकाणी चाळीस माणसांच्या हॉलला चारशे माणसांचा साउंड लावतात, ड्रम्स, कीबोर्ड, दोन दोन गिटार, आणि मग स्टेजवरचे चार जण गातात आणि बाकीचे ऐकतात. ते मला स्वतःला पटत नाही. शेजाऱ्याला त्रास होतो हे एक, आणि दुसरं म्हणजे त्यात मंडळीचा, म्हणजे उपासनेला जमलेल्या सगळ्यांचा, आवाजच ऐकू येत नाही, आणि मंडळीचा आवाज ऐकू आला नाही तर मग जमलो कशाला हा त्यांचाच प्रश्न मी पण विचारीन.

आता मुद्द्यावर येतो. घरी एकट्यानं प्रार्थना करा हे तर येशूनंच सांगितलंय. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात सरळ आहे, खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर. म्हणजे पत्रलेखकांच्या बाजूनं पुरावा आमच्याच पुस्तकात आहे, त्यांना माहीत नसेल तर मी देतो. पण गंमत बघा, हे सांगून झाल्यावर तीनच ओळींनी तो शिष्यांना प्रार्थना शिकवतो आणि तिची सुरुवात आहे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. माझ्या नाही, आमच्या. भाकर मागायची ती पण 'आमची रोजची भाकर', क्षमा मागायची ती पण आम्हाला. मी लहानपणापासून ही प्रार्थना हजारो वेळा म्हटली असेल पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं, ते आलं २०२० साली, लॉकडाऊनमध्ये, घरात एकटा बसून 'आमच्या' म्हणताना.

त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता आणि चर्चला कुलूप. आमच्या तरुण संघातल्या पोरांनी व्हिडिओ कॉलवर उपासना लावली. प्रार्थना झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, सगळं ठीक चाललं होतं, मग म्हटलं आता गीत घेऊ. पहिल्या ओळीलाच बोजवारा. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतोय, कुणी ध्रुवपदावर आहे, कुणी अजून पहिल्या कडव्यात, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, एकूण नुसता कल्ला. शेवटी पोरांनी सगळ्यांना म्यूट केलं आणि मला सांगितलं काका तुम्ही एकटेच वाजवा आणि गा, बाकीचे आपापल्या घरी गातील. मी गायलो. समोर स्क्रीनवर पंचवीस चौकोन, प्रत्येकात तोंडं हलतायत आणि मला फक्त माझा आवाज येतोय. ईस्टरचं गीत, मरणावरचा विजय वगैरे, आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. बायको आतून म्हणाली, "तुमचाच आवाज ऐकून ऐकून कंटाळा आला हो."

तर सांगायचा मुद्दा हा की सगळ्यांनी मिळून गाणं आणि एकट्यानं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचा गुणिले शंभर केला की दुसरं होत नाही.

हे काही आजचं पण नाही. पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांबद्दल बाहेरच्या माणसानं लिहिलेलं फार थोडं सापडतं, त्यातलं एक म्हणजे प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरचं बादशहा ट्राजानला लिहिलेलं पत्र, साधारण सन ११२ च्या आसपासचं, आताच्या तुर्कस्तानातून. त्याला या लोकांना शिक्षा करायची होती म्हणून त्यानं चौकशी केली, आणि चौकशीत काय निघालं तर हे लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती आळीपाळीनं गातात. उजाडायच्या आत का, तर मला वाटतं याचं कारण साधं असावं, तेव्हा रविवारची सुट्टी नव्हती, ती कॉन्स्टंटाईन बादशहानं पुढे सन ३२१ मध्ये जाहीर केली. यांच्यात गुलाम असायचे, मोलमजुरी करणारे असायचे, दिवस वर आला की मालकाचं काम. म्हणजे झोपमोड करून, जीवावर उदार होऊन जमायचे, आणि जमून काय करायचे तर गायचे. घरी दार लावून प्रार्थना करणं त्यांना कितीतरी सेफ होतं.

आणि रविवारच का, तर येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मरणातून उठला म्हणून. आमच्यासाठी प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच.

आता आपल्याकडचं सांगतो कारण खरं कारण मला तिथे दिसतं. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं आणि पुढे गावोगाव जी कुटुंबं ख्रिस्ती झाली ती बहुतेक तेव्हाच्या महार-मांग वस्तीतली. आमचंही घर त्यातलंच. ज्यांना देवळाच्या पायरीच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती, ज्यांचा कीर्तनातला आवाजसुद्धा लांबूनच यायचा, ते लोक पहिल्यांदा एका छपराखाली, एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले आणि देवाचं नाव स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं गायले. त्यांना कुणी सांगितलं असतं की बाबांनो घरीच बसा, देव घरी पण भेटतो, तर ते हसले असते. घरी बसायला तर त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितलंच जात होतं की! जमणं हीच त्यांच्यासाठी बातमी होती. त्यात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत वाटायची, भाकर एक, आणि ती सगळ्यांच्या हातात. जात चर्चच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवली गेली असं मी म्हणणार नाही, खोटं होईल, लग्नं जमवताना ती कुठून तरी परत येतेच. पण निदान रविवारचा तो दीड तास ती बाहेर थांबायची.

त्यातच १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणातले चित्पावन ब्राह्मण, कवी माणूस, आणि नगर त्यांचं कर्मक्षेत्र. तोपर्यंत आमच्या चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं बरीच असायची, ती आमच्या लोकांच्या तोंडात नीट बसत नसत. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते म्हणायचे, तो पूल त्यांनी आम्हाला पण दिला. कृष्णराव सांगळ्यांनी त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं, नगरातच. त्यामुळे टाळ, मृदंग, पेटी हे आमच्या उपासनेत कुणी बाहेरून आणून ठेवलेलं नाही. आजही आमच्या गीतांच्या पुस्तकात टिळकांची गीतं पानापानावर आहेत, आणि ज्यांच्या पणज्याला अक्षरओळख नव्हती अशी घरं ती पाठ म्हणतात.

अक्षरओळखीवरून आठवलं. आमच्याकडे एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे, वाचता येत नाही. पुस्तक मात्र हातात पाहिजे, आणि उलटं धरलं तरी त्यांना फरक पडत नाही. पाच पाच कडवी तोंडपाठ. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एका गीतात एक शब्द बदललाय, तर त्या ओळीला आजी जुना शब्द म्हणतात आणि मुद्दाम जरा वरच्या आवाजात म्हणतात, म्हणजे आम्हा शिकलेल्यांना कळावं की चूक कुणाची आहे. त्यांना वचनं माहीत आहेत, कथा माहीत आहेत, दुःखात काय म्हणायचं माहीत आहे, आणि हे सगळं त्यांना गाण्यातून मिळालं, दर रविवारी शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघत बघत. एकटीनं घरी बसून त्या कुठून शिकल्या असत्या?

माझी बायको वसईची, कॅथलिक. ती सांगते की तिच्या आजीच्या तरुणपणी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि बाया खाली बसून जपमाळ ओढायच्या, म्हणजे जमलेले सगळे पण प्रत्येक जण आपला आपला. १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेनं लोकभाषेला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. तर आजीला म्हणे आधी आवडलंच नाही, देवाशी असं घरच्या भाषेत बोलतात का. मग एकदा सगळ्या देऊळभर (वसईत चर्चला देऊळच म्हणतात) मराठी गीत सुरू झालं आणि आजी पण गायला लागली, आणि नंतर तक्रार बंद. हे ऐकीव आहे, पण बायकोसमोर मी ते शंभर टक्के खरंच धरतो.

पत्रलेखकांनी असंही म्हटलंय की सुरात न गाणारे पण ओरडून गातात. खरं आहे. आमच्याकडे मागच्या बाकावर एक काका आहेत, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, ते कुठल्याच पट्टीत नसतात. बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही सुरात ऐकलेलं नाही. पूर्वी मला त्यांचा राग यायचा, मी पेटीचा भाता जोरात मारून त्यांचा आवाज दाबायला बघायचो. आता नाही मारत, आणि का ते सांगतो.

२०१४ मध्ये वडील गेले. बुधवारी मातीला गेलो आणि रविवारी मी पेटीवर, कारण दुसरा वाजवणारा नव्हता. फळ्यावर गीतांचे नंबर लागलेले आणि तिसरा नंबर बघितला तर वडिलांचं आवडतं गीत, कुणी मुद्दाम लावलं होतं की काय माहीत नाही. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, सुरू केलं. पहिलं कडवं झालं, दुसऱ्या कडव्याला माझी बोटं थांबली. थांबली म्हणजे पट्टीवर ठेवलेली तशीच राहिली, भाता बंद. गळ्यातून आवाज नाही. मला वाटलं आता गाणं पडणार. तर नाही पडलं. मागच्या बाकावरून ते काका, तसेच बेसूर, पुढच्या ओळीला गेले, मग बायका गेल्या, मग सगळे. पेटी नाही तरी मंडळी गातच राहिली. तिसऱ्या कडव्याला मी सावरलो, म्हटलं परत साथ धरावी, तर सूर मिळेना. मंडळी गाता गाता खाली घसरली होती, ना काळी दोन ना पांढरी दोन, मधेच कुठेतरी, आणि त्या जागेला पेटीत पट्टीच नसते. म्हणून मी हात मांडीवर घेतले आणि नुसता ऐकत बसलो. शेवटच्या दोन कडव्यांत जे काही देवाला म्हणायचं होतं ते माझ्या वतीनं त्या लोकांनी म्हटलं. मला त्या दिवशी त्यातलं काही म्हणणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विश्वास ठेवणं पण शक्य नव्हतं.

घरी दार लावून बसलो असतो तर प्रार्थना झाली नसती एवढं मला नक्की माहीत आहे.

पौल आणि सीला हे येशूचा संदेश सांगत फिरणारे दोघं फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते असं बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, पाय खोड्यात, पाठीवर फटक्यांचे वळ. लोक त्यानंतर झालेल्या भूकंपाबद्दल बोलतात, बेड्या तुटल्या वगैरे. मला त्यातलं छोटं वाक्य आवडतं की बाकीचे कैदी ऐकत होते. आणि ते दोघं होते हे पण. एकटा पौल असता तर गायला असता का, मला शंका आहे, मार खाल्लेला माणूस एकटा असला की बहुतेक गप्पच पडून राहतो.

तर पत्रलेखकांना एवढंच सांगतो की घरची प्रार्थना आम्ही पण करतो, रोज करतो, काही जण पहाटे करतात, काही जण बस स्टॉपवर. रविवारी आम्ही जमतो ते देव तिथेच कोंडलाय म्हणून नाही. वारकऱ्याला कुणी विचारत नाही की घरच्या देव्हाऱ्यात विठोबा असताना एवढे दिवस पायी कशाला, तसंच काहीसं. आणि कंटाळून जाणारे, सवयीनं जाणारे, नवीन साडी दाखवायला जाणारे आमच्यात पण आहेत, मी स्वतः कित्येक रविवारी फक्त पेटी वाजवायची ड्युटी म्हणून गेलोय. पण गेलो.

त्यांच्या समोरच्या चर्चनं आवाज कमी करावा यासाठी तिथल्या पाळकांना जाऊन भेटा, बहुतेक ऐकतील. नाहीच ऐकलं तर मला आपल्या पेपरमार्फत कळवा, मी येऊन बोलतो. आमच्याकडे कधी यायचं झालं तर उपासना साडेनऊला आहे, पण पहिलं गीत सुरू व्हायला पावणेदहा होतात. मागच्या बाकावर बसा, पंखा तिथलाच नीट चालतो, फक्त शेजारी एसटीवाले काका असतील.

आपला,
एक पेटीवाला,
नगर