गीझरच्या पॉइंटवर शॉवर नको

संपादक महोदय,
'इलेक्ट्रिक शॉवर घरीच बसवा' हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, आवडलाही, पण त्यात गीझरच्याच पॉइंटवर शॉवर जोडा असं जे लिहिलंय ते साफ चुकीचं आहे. साठवणीचा गीझर साधारण २ किलोवॅटचा, १६ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतो. इलेक्ट्रिक शॉवर मात्र पाणी जाता जाता तापवतो, म्हणून ८.५ किलोवॅटचा शॉवर २३० व्होल्टवर जवळपास ३७ अँपिअर करंट ओढतो, आणि तेवढ्याला सॉकेट नाहीच चालत, मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, बहुतेक वेळा १० स्क्वेअर एमएम तांब्याची, वेगळा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच लागतो. आणि अर्थिंग, ते तर लेखात नावालाही नाही!

'एमसीबी आहे ना, मग काळजी नको' हे वाक्यही खटकलं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, ओल्या अंगाला शॉक बसताना तो पडेलच असं नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे एवढासा करंट गळला तरी लगेच वीज तोडणारा स्विच, हवा. शॉवर भिंतीवर खुशाल स्वतः लावा, वायरिंग लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल का?

– एक वाचक