ग्रेसलँड, बाबा आणि बहिष्कार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर मी अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ अल्बमचं नाव काढलं आणि बाबा उखडलेच, "वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार असताना तो तिकडे गेलाच कसा?" बाबा, तुमचा राग समजतो. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, १९७४ मध्ये तर त्यांच्याशी डेव्हिस कपची फायनलही खेळली नाही. तो किस्सा तुमच्याकडून पाठ झालाय.

पॉल सायमन १९८५ मध्ये जोहान्सबर्गला गेला, तो तिथल्या अ‍ॅकॉर्डियनच्या नाचगाण्यांची एक कॅसेट ऐकून. वादकांना त्याने न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट पैसे दिले. पण चोख पैसे मोजले म्हणून प्रश्न मिटत नाही; वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला विचारायला हवं होतं, हे माझंही मत. मात्र बहिष्काराने गोऱ्या सरकारबरोबर रे फिरीसारख्या काळ्या गिटारवादकाचीही वाट अडत होती, त्याचं काय करायचं? आणि १९८७ मध्ये शेजारच्या झिंबाब्वेत, हरारेच्या मंचावर सायमनबरोबर कोण होतं? दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा आणि तिथलाच ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला, दोघांनाही वर्षानुवर्षं मायदेशाबाहेर राहावं लागलेलं. वर्णद्वेष त्यांना आपण शिकवायचा का?

आई, तू त्यातलं ‘होमलेस’ ऐक. लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या झुलू गायकसंघाची मंडळी, वाद्य एकही नाही. त्यांचा म्होरक्या जोसेफ शबालाला वरच्या सुरात ओळ टाकतो आणि मागून सगळा खर्ज एकदम उभा राहतो. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेले झुलू कामगार वसतिगृहांत असं गायचे, शनिवारी रात्रभर चढाओढी, पावलं वाजू न देता चवड्यांवर नाच. आजोबांच्या लालबागच्या गाळ्यातलं भजन तुला आठवेल बघ.

बाबांसाठी ‘यू कॅन कॉल मी अल’. शेवटाकडे बाकिथी कुमालो या तिथल्याच वादकाचा बास गिटारचा छोटासा तुकडा येतो. त्याच्या बासला पडदे नाहीत, म्हणून सूर मींडेसारखा घसरतो. गंमत म्हणजे तुकड्याचा दुसरा अर्धा भाग त्याने वाजवलेलाच नाही, पहिलाच टेपवर उलटा करून जोडलाय. टेपरेकॉर्डर उघडून बसणाऱ्या माणसाला हे आवडणारच.

अल्बमला १९८७ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते असो. मोबाइलवर ऐकू नका, खर्ज पार मरतो. हॉलमधल्या स्पीकरची वायर कपाटाच्या वरच्या खणात आहे. रविवारी फोन करते, तेव्हा भांडू.

तुमची,
मुग्धा