मंत्रीसाहेब, तेवढं नायट्रोजनचं बिल भागवा

मा. मंत्रीसाहेब,

सादर नमस्कार. तुम्ही बिझी असता म्हणून सरळ मुद्द्यावर येते. गेल्या शनिवारी आमच्या लॅबमधला क्रायोकॅन कोरडा पडला. त्यात उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये पेशी ठेवलेल्या असतात, तो नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो, म्हणून दर आठवड्याला वरून ओतत राहावं लागतं, बस इतकी साधी गोष्ट. सप्लायरने तीन महिने उधारीवर दिला, मग म्हणाला मॅडम आधी मागचं क्लिअर करा. मागचं म्हणजे किती, तर २३ का २४ हजार. ग्रँटचा दुसरा हप्ता अकरा महिने तुमच्या खात्यात अडकलाय. दोनदा मी खिशातून भरले, तिसऱ्यांदा नाही जमलं, कारण माझाच पगार पाच महिने झालेला नाहीये.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात तुम्हीच स्टेजवरून बोलला होतात ना, मार्च एंडच्या आत सगळ्यांचे थकलेले पैसे खात्यात जमा होतील म्हणून? मी तिसऱ्या रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. आता गणपती आले. कुठल्या सालचा मार्च ते विचारायचंच राहिलं बघा.

कॅनमध्ये काय होतं ते सांगते. आयव्हीएफसाठी स्त्रीबीजं काढतात तेव्हा त्यांच्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी फेकूनच देतात, त्या आम्ही मागून घ्यायचो. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी आणि बीजनिर्मिती अनियमित होते तो आजार, असलेल्या बायकांच्या. सात वर्षांत १४० जणींच्या जमल्या, प्रत्येकीची सही घेऊन. एक होती कळव्याची, आयव्हीएफचा तिसरा प्रयत्न फेल गेलेला, फॉर्मवर सही करताना म्हणाली, "ताई माझं नाही झालं तर नाही, पुढच्या कोणाचं तरी होऊ दे." तिच्या पेशी शनिवारी रूम टेंपरेचरला आल्या, म्हणजे मेल्या. तिच्याकडे काय पाठवू, दिलगिरीचं पत्र? तुमच्या सेक्शन ऑफिसरला फोन केला तर म्हणे यूसीमध्ये, म्हणजे पैसे कुठे खर्च केले त्या दाखल्यात, एक आकडा जुळत नाही, चारशे रुपयांचा फरक येतोय. चारशे!!

आता माझं थोडं रडगाणं ऐका. वय ३८. पीएचडी, मग पोस्टडॉक, मग प्रोजेक्टवर अकरा महिन्यांचं कंत्राट, ब्रेक, परत अकरा महिने. दिवसभर लोकांना शिकवते की मुलगी जन्मते तेव्हा दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात आणि पस्तिशीनंतर घसरण जोरात होते. आणि स्वतः? परमनंट झाल्यावर बघू, परमनंट झाल्यावर बघू, असं करत आठ वर्षं गेली. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त संक्रांतीला शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला मला आवर्जून बोलावतात. आणि परमनंटची जागा निघाली तेव्हा वयाची अट तीन महिन्यांनी हुकली. डोंबिवलीची ८.१७ पकडायची, दारात लटकायचं, आणि डब्यात समोर आयव्हीएफ सेंटरची जाहिरात, ईएमआयवर बाळ! तो धंदा जोरात आहे साहेब, पण तो चालतो ज्या संशोधनावर त्याला द्यायला पैसे नाहीत.

तसं हे जुनंच आहे म्हणा. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी ३ ऑक्टोबर १९७८ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, जगातल्या पहिल्या बाळानंतर सत्तर दिवसांत, तर सरकारी कमिटीने त्यांना खोटं ठरवलं आणि बदली कुठे केली, तर डोळ्यांच्या संस्थेत. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं म्हणून गाजलेलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या टीमचं. याच आनंद कुमारांनी नंतर मुखर्जींच्या नोंदी वाचल्या आणि जाहीर सांगितलं की पहिला मान आमचा नाही, त्यांचा. स्वतःचं पहिलेपण सोडणारी माणसं या क्षेत्रात होती हो. आणि तुमच्याकडे चारशे रुपये सुटत नाहीत.

संशोधनावर देश खर्च करतो जीडीपीच्या ०.६४ टक्के, का ०.६५, जे काय असेल ते, टक्क्याला तर शिवतच नाही. वरून २०२२ मध्ये रिसर्चच्या उपकरणांवर जीएसटी ५ चा १८ केला. म्हणजे या हाताने द्यायचं, तेही उशिरा, आणि त्या हाताने काढून घ्यायचं. आणि भाषणात विश्वगुरू. पोरं बाहेर जातात म्हणून ओरडू नका मग, माझ्या बॅचचे सातपैकी पाच गेले, सहावी कोचिंग क्लासमध्ये बायो शिकवते आणि माझ्या तिप्पट कमावते.

मागणं एवढंच की हप्ता सोडा, आणि नायट्रोजन, वीज असल्या गोष्टींचे पैसे तरी हप्त्याला टांगून ठेवू नका.

बाकी काल ऑडिटवाले येऊन गेले. कॅन जागेवर आहे ना बघितलं, त्याच्यावर मालमत्ता क्रमांकाचा नवा स्टिकर चिकटवला, माझी सही घेतली. आत काय आहे ते कोणी विचारलं नाही.

आपली,
एक कंत्राटी संशोधक, डोंबिवली पूर्व