समेवर शटर

पुणे

प्रिय पम्या,

मैफलीत अंधारात गवयांचे फोटो कसे काढायचे, हा तुझा मेसेज ऐकला. फोनवर बोललो असतो, पण मग नेहमीप्रमाणे गाडी तुझ्या प्लॉटच्या भानगडीवर गेली असती, म्हणून लिहितोच. छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालासमोरच्या वेरूळ-अजिंठा संगीत-नृत्य महोत्सवाचा पुढचा पास, तोही कॅमेऱ्यासकट! नशीब काढलंस लेका.

आधी लेन्सचं बोलू, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ७०-२०० एफ/२.८ ची झूम लेन्स भाड्याने मिळाली तर घे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). नाही मिळाली तर तुझ्याकडची ८५ एफ/१.८ आहेच, आणि ती एफ/२.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. मात्र पाच मीटरवरून एफ/१.८ ला फूट-सव्वा फूटच अंतर फोकसमध्ये राहतं. गायकाचे डोळे धारदार आले तर मागची तानपुरेवाली धूसर होणार, हे धरून चाल. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० ला न्यायला घाबरू नकोस. दाणा दिसतो तो दिसू दे. कमी प्रकाश देऊन नंतर संगणकावर सावल्या उपसत बसलास तर त्याहून वाईट चिखल होतो.

आता खरं सांगायचं ते. अंधारात अडचण प्रकाशाची कमी आणि हालचालीची जास्त असते. शटर १/६० सेकंदावर असलं की स्थिर बसलेला माणूस स्वच्छ येतो आणि तान घेणारा माणूस फराटा होऊन येतो. मग स्थिर क्षण कधी येणार हे आधी कळायला हवं. आणि पम्या, गाण्यात ते कळतं! तू लहानपणी तबला शिकलास, काकांचा मार खात का होईना, तो आता उपयोगी पडणार आहे.

विलंबित एकताल घे. बारा मात्रा, पण लय एवढी संथ की एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. गायक आलापी करतो, हात हवेत काहीतरी शोधत असतो, तेव्हा गप बसून बघ. आवर्तन संपत आलं की मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, येतो. हात वर जातो, मान किंचित तिरकी होते, तबलजीकडे नजर जाते, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. समेवर हात खाली येऊन थांबतो. श्रोत्यांतून ‘वाऽऽ’ येते, गायकाच्या चेहऱ्यावर हसू फुटतं, आणि त्या अर्ध्या-एक सेकंदात सगळा मंच स्थिर असतो. तुझं १/६० तिथे वापरायचं. हात खाली येताना बटण दाबायला सुरुवात केलीस तर टेकल्यावरचा फोटो मिळेल.

तिहाई तर देणगीच आहे. तोच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट समेवर. पहिल्याला कॅमेरा डोळ्याला लाव, दुसऱ्याला फोकस पक्का कर, तिसऱ्याला दाब. शेवटच्या ‘धा’नंतर तबलजीचा हात उसळून क्षणभर वर राहतो आणि तोंडावर ‘कसं?’ असा भाव असतो. द्रुतमध्ये आणि सतार-सरोदच्या झाल्यात, म्हणजे शेवटच्या वेगवान भागात, मात्र १/२५० च्या खाली जाऊ नकोस. किंवा मुद्दाम १/१५ वर जा आणि तबलजीचे हात धुरासारखे येऊ दे, चेहरा स्थिर असला म्हणजे झालं.

उभं कुठे राहायचं? बहुतेक मैफलींत तबला गायकाच्या उजव्या हाताला आणि पेटी डाव्या. म्हणजे आपण समोर बसलो की तबला आपल्या डावीकडे. समेला गायक तिकडेच वळतो, तेव्हा मंचाच्या डाव्या कोपऱ्यातून चेहरा पुरा मिळतो. मधोमध बसलास तर माइक बरोब्बर ओठांवर येतो आणि घरी येऊन तू माझ्याच नावाने खडे फोडशील. सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या गवयांच्या भावमुद्रा बघ. तिथे गायकाचं नाव माहीत नसलं तरी आत काय चाललंय ते दिसतं.

संध्याकाळचा उजेड हा वेगळा विषय. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खल्लास. लंडनसारखी लांबलेली संधिकाळाची ऐश इथे नाही. त्या थोड्या वेळात आकाश गडद निळं असतं आणि मंचावरच्या दिव्यांशी त्याची तीव्रता जुळते, म्हणून महालही दिसतो आणि माणूसही. मारवा, पूरियाधनाश्री हे संधिप्रकाशाचे राग गायचे तेही याच वेळी. पण कार्यक्रमपत्रिका वाच: दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, शाल-श्रीफळ, मनोगत. निळं आकाश मान्यवरांच्या वाट्याला जातं आणि कलाकार येईपर्यंत मागे काळा पडदा. यावर माझा एकच उपाय: साउंड चेकला जा. साध्या कपड्यातले कलाकार, हातात चहाचा कागदी कप, तानपुरे जुळवणं चाललंय, आणि वर तो उजेड. माझ्या संग्रहातले चांगले फोटो बहुतेक त्या वेळचेच आहेत, पदर सावरून बसलेल्या मैफलीचे नाहीत.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम आल्यापासून तर पत्रिका आणखी चेपली गेली. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत चालायचा, आता बरीच सत्रं दुपारपासूनच सुरू होतात. रसिकांनी रात्रीचे राग गमावले, आम्हा फोटोवाल्यांना फुकटात उजेड मिळाला. मला हा सौदा आवडत नाही, पण फोटो काढतोच.

दिव्यांबद्दल सावध राहा. महोत्सवांत हल्ली एलईडी पार लाइट जांभळे, गुलाबी, निळे करून सोडतात. निळ्या प्रकाशात चेहरा शिळ्या वांग्यासारखा दिसतो आणि लाल-गुलाबीत त्वचेचा लाल चॅनेल जळून सपाट होतो; पडद्यावरचा आलेख बघताना लाल वेगळा तपास. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न रंगवलेल्या कच्च्या फाइलीतच, काढ. काही एलईडी भरभर लुकलुकतात; डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेरा ‘सायलेंट’ शटरवर असला की फोटोत आडवे पट्टे येतात. हेही साउंड चेकलाच तपासून घे. पट्टे आले तर मेकॅनिकल शटर. पण मग आवाज होणार, आणि षड्जावर थांबलेल्या गवयासमोर खटॅक करणं मला तरी नको वाटतं. तेव्हा तो टाळीत किंवा तबल्याच्या थापेत लपव. फ्लॅश घरी ठेव, बॅगेतसुद्धा नको.

कॅमेऱ्याला चेहरा-काळोख यातला फरक कळत नाही. काळोख उजळायला जाऊन तो चेहरा पांढरा करतो. स्पॉट मीटरिंग लाव, म्हणजे तो फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजेल, किंवा एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली ओढ. जरीचा पदर आणि पांढरा कुर्ता हे पहिले जळतात.

थंडीच्या दिवसांत उघड्यावर दव पडतं, लेन्सला हूड हवंच, आणि एक सुती रुमाल. मांडी घालून बसलेल्या लोकांच्या मागून उभा राहिलास तर ‘अहो, खाली बसा!’ हे ठरलेलं आहे. ते म्हणतात ते बरोबरच असतं.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? ऑपरेशनचं ठरलं की कळव, मी येईन. तेव्हा फोटो बघूच, पण निवडलेले दाखवू नकोस. पहिल्या रात्रीचं अख्खं कार्ड उघड. फसलेल्या फोटोंतून तुला सम कुठे चुकली ते मी बरोबर सांगेन.

तुझा,
नंदू

ता. क. प्लॉटचं काय झालं तेही लिही, पण थोडक्यात.